भांडणापुरते उरलेले नाव

पत्र : ताई, मी एकतीस वर्षांची आहे, ठाण्यात राहते आणि एका खासगी कंपनीत टीम सांभाळते. आमचा प्रेमविवाह आहे, लग्नाला चार वर्षे झाली. नवरा मला ओळख झाल्यापासून 'पिल्लू' म्हणतो. तेव्हा ते फार आवडायचे आणि दोघेच असताना आजही आवडते. पण आता तो कुठेही तशीच हाक मारतो. मागच्या महिन्यात मी घरून काम करत होते, व्हिडिओ कॉलवर सगळी टीम होती आणि स्वयंपाकघरातून आवाज आला, "पिल्लू, दुधाखालचा गॅस बंद केलास का?" तेव्हा कोणी काही बोलले नाही, पण दुसऱ्या दिवशी एका कनिष्ठ सहकाऱ्याने ऑफिसच्या ग्रुपवर कोंबडीच्या पिल्लाचे चित्र टाकले. जाऊबाईंचा पाच वर्षांचा मुलगा मला 'पिल्लू काकू' म्हणतो आणि सगळे हसतात. परवा गृहकर्जाचे बोलणे चालले होते, मी व्याजदराबद्दल काही विचारले, तर नवरा म्हणाला, "पिल्लू, तू नको डोके शिणवूस, मी बघतो ना." माझे खरे नाव तो फक्त भांडणात घेतो. आता त्याच्या तोंडून नाव ऐकले की माझ्या पोटात गोळा येतो. मी त्याला नावानेच हाक मारते, सासू-सासऱ्यांसमोर मात्र 'अहो' म्हणते. आईला हे सांगितले तर ती म्हणाली, "तुझ्या बाबांनी मला आयुष्यभर 'अगं'खेरीज काही म्हटले नाही, तू नशीबवान आहेस." हे सगळे क्षुल्लक आहे का? कृपया नाव छापू नये.

उत्तर : नावाविषयीच्याच पत्रात नाव वगळण्याची वेळ यावी, याची मला थोडी गंमत वाटली, पण विनंती अर्थातच पाळली आहे.

क्षुल्लक मुळीच नाही. जी हाक दिवसभर कानांवर पडत असते, ती माणसाला आनंदही देते आणि तिचा त्रासही होतो. मात्र तुमच्या पत्रात चार निरनिराळ्या गोष्टी एकमेकींत मिसळल्या आहेत आणि त्या वेगळ्या केल्याशिवाय नवऱ्याशी बोलायला बसू नका. सगळे एका दमात सांगितलेत तर त्याच्या कानांत एकच वाक्य शिरेल, 'हिला आता माझे लाड नकोसे झाले', आणि मग उरलेली संध्याकाळ ते तसे नाही हे पटवण्यात जाईल.

ऑफिसचा प्रसंग प्रथम बाजूला ठेवू. स्वयंपाकघरातून हाक मारणाऱ्या माणसाला तुमच्या समोरच्या पडद्यावर किती चेहरे आहेत हे दिसत नव्हते. त्या हाकेत बेफिकिरी असेल, पण तुमचे हसे व्हावे असा हेतू नव्हता. कॉल सुरू असताना हाक मारायची नाही, काम असेल तर मोबाइलवर निरोप टाकायचा, एवढा नियम दोघांनी ठरवला की तो विषय संपतो. चित्र टाकणाऱ्या सहकाऱ्याचा हिशेब मात्र नवऱ्याच्या नावावर मांडू नका. त्याला एकट्याला बोलावून, आवाज न चढवता, "घरातल्या गोष्टींची थट्टा कामाच्या ग्रुपवर नको," असे सांगा आणि लगेच कामाचे बोलायला लागा. ते तुम्हाला जमेल, टीम सांभाळता त्या अर्थी.

आता आईच्या बोलण्याकडे येते, कारण ते तुम्हाला लागलेले दिसते. आई खोटे बोलत नाही. तिच्या पिढीत आणि तिच्या आधीच्या कितीतरी पिढ्यांत नवरा-बायकोंनी एकमेकांना काय म्हणायचे यापेक्षा काय म्हणायचे नाही, हेच अधिक काटेकोरपणे ठरलेले होते. नवऱ्याचे नाव घेतले तर त्याचे आयुष्य कमी होते, या समजुतीपायी 'हे', 'इकडून', 'आमच्या घरी', 'बाळूचे बाबा' अशी वळणे घेत बायकांनी संसार केले. नाव घ्यायची मुभा असे ती उखाण्यात, मंगळागौरीला नाहीतर डोहाळजेवणाला, आणि तेही चार बायकांनी आग्रह करून, लाजत-लाजत. बायकोचे नाव तर बहुतेक वेळा सासरच्यांनीच ठेवलेले असायचे, तांदळाच्या ताटात अंगठीने लिहिलेले. आनंदीबाई जोशी आणि रमाबाई रानडे या दोघी माहेरच्या यमुना होत्या, आणि 1893 साली धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केलेल्या गोदूबाईंचेही नाव आनंदीबाई झाले, पण महाराष्ट्राने त्यांना ओळखले ते बाया कर्वे म्हणून. त्या काळातही वाट काढणाऱ्या बायका होत्या. लक्ष्मीबाई टिळकांनी आपल्या आठवणी लिहिताना नवऱ्याचा उल्लेख सरळ 'टिळक' असा केला, ज्यात आदरही राहतो आणि बरोबरीही. अशा पार्श्वभूमीवर, जिला आयुष्यभर 'अगं'वर भागवावे लागले त्या बाईला चारचौघांत लाडाची हाक मारणारा जावई हे भाग्यच वाटणार. तिचा हेवा समजून घ्या. तिचा निष्कर्ष मात्र स्वीकारण्याचे कारण नाही, कारण तिला जे मिळाले नाही ते तुमच्याकडे भरपूर आहे, आणि तुम्हाला जे हवे आहे ते मागायचे असते हेच तिला कधी कोणी सांगितले नव्हते.

तुमच्या पत्रातले मला सर्वांत महत्त्वाचे वाटलेले वाक्य तुम्ही मध्येच, जाता जाता लिहिले आहे : खरे नाव तो फक्त भांडणात घेतो. माझ्या मते तक्रारीचे मूळ येथे आहे, 'पिल्लू'मध्ये नाही. आपल्या घरांत मुलाला एरवी बंड्या, सोन्या, काहीही म्हणतात, आणि काचेचे भांडे फुटले की आई शाळेच्या हजेरीसारखे त्याचे पूर्ण नाव उच्चारते. त्या नावाबरोबर मूल जागच्या जागी थिजते. तुमच्या घरात नकळत तसेच झाले आहे. प्रेमाचे सगळे काम लाडाच्या नावाने उचलले, आणि तुमचे नाव, ज्या नावाने तुम्ही शिकलात, नोकरी मिळवली, ज्या नावाने त्याची-तुमची ओळख झाली, ते केवळ रागापुरते शिल्लक राहिले. मग ते ऐकून पोटात गोळा येणारच. यात तुमचा हळवेपणा नाही. एखादी हाक वर्षानुवर्षे एकाच प्रसंगी ऐकू आली की शरीर त्या प्रसंगाची तयारी आधीच करू लागते.

म्हणून तुमची मागणी 'मला पिल्लू म्हणू नकोस' अशी असू नये. ती मागणी खरीही नाही, कारण दोघेच असताना ती हाक आवडते असे तुम्हीच लिहिले आहे. जे आवडते ते रागाच्या भरात टाकून दिलेत तर काही दिवसांनी तुम्हालाच चुकल्यासारखे होईल, आणि परत मागायला संकोच वाटेल. मागणी अशी असावी, की माझे नाव मला परत हवे आहे : सकाळी चहाला बोलावताना, बाजारातून काय आणायचे ते विचारताना, तुझ्या मित्रांना माझ्याबद्दल सांगताना. नाव साध्या, बिनरागाच्या प्रसंगी वारंवार ऐकू येऊ लागले की त्यातली धास्ती हळूहळू कमी होते. उलट भांडताना नावाची गरजच काय? खोलीत दोघेच असता, कोणाशी बोलतो आहोत हे दोघांनाही माहीत असते.

आता तुमच्या हातात असलेला, पण तुमच्या लक्षात न आलेला मुद्दा. सासू-सासऱ्यांसमोर तुम्ही नवऱ्याला 'अहो' म्हणता. एरवी अरे-तुरे करणारी तुम्ही त्यांच्या दारात पाऊल टाकताच हाक बदलता, तीही चार वर्षे, बहुधा एकदाही न चुकता. जागा आणि माणसे बदलली की संबोधन बदलते, त्याने प्रेमात उणेपणा येत नाही, हे तुमच्या नवऱ्याला कोणी शिकवायला नको, कारण त्या बदलाचा लाभ तोच घेतो आहे. हा मुद्दा टोमणा म्हणून मारू नका, तो फार सहज टोमणा होतो. शांतपणे सांगा, "आईबाबांसमोर मी 'अहो' म्हणते ते त्यांना बरे वाटावे आणि तुझा मान राहावा म्हणून. माझ्या ऑफिसच्या लोकांसमोर आणि तुझ्या मित्रांसमोर तू माझ्यासाठी तेवढेच कर." मला वाटते, समजूतदार माणसाला यावर फारसे उत्तर सुचणार नाही.

हे बोलणे केव्हा आणि कसे करायचे, हेही सांगते. त्याने चारचौघांत हाक मारली त्या क्षणी किंवा घरी परतताना गाडीत नको, कारण तेव्हा तुम्ही दुखावलेल्या असाल आणि तो स्वतःच्या बचावाला उभा राहील. मोबाइलवर लांबलचक संदेश लिहून तर अजिबात नको, कारण वाचणारा तो स्वतःच्या मनातल्या सुरात वाचतो. त्याच्या मित्रांसमोर त्याला 'शोना' नाहीतर 'बाबू' म्हणून धडा शिकवण्याचा सल्ला तुमच्या एखाद्या मैत्रिणीने दिला असेल. त्याने हशा होईल, दोघांचे हसे होईल आणि मूळ गोष्ट तेथेच राहील. एखाद्या निवांत रविवारी, जेवणे झाल्यावर, सुरुवात आवडीपासून करा : ती हाक तुम्हाला कधीपासून आणि का आवडते, हे त्याला नेमकेपणाने सांगा. मग पोटात येणाऱ्या गोळ्याबद्दल सांगा. माझा अंदाज असा आहे की ही गोष्ट त्याला ठाऊकच नाही. तो रागात नाव घेतो ते शब्द निवडून नव्हे, लाडाचा शब्द रागात तोंडी येत नाही म्हणून. आपल्या तोंडचे नाव ऐकून बायको दचकते, हे कळल्यावर चांगला माणूस हलतो.

तो म्हणू शकेल, "नावाने हाक मारली की मला परक्यासारखे वाटते." या उत्तराची टर उडवू नका, ते मनापासूनचे असू शकते. त्याच्यापुरती त्या एका शब्दात तुमची लग्नाआधीची सगळी वर्षे साठलेली आहेत. त्याला सांगा की तो शब्द कोणी काढून घेत नाही, दार लावल्यावर तो त्याचाच आहे. सवय एका दिवसात मोडणार नाही, तो चुकेल, पुन्हा मित्रांसमोर तोंडून निघून जाईल, तेव्हा नुसते त्याच्याकडे बघणे पुरते. पण स्पष्ट सांगितल्यानंतरही तो मुद्दाम, तुम्ही अवघडाव्यात म्हणूनच, चारचौघांत अधिक जोराने हाक मारू लागला, तर तो लाड राहत नाही. तो अपमान आहे आणि त्याला त्याच नावाने ओळखावे. तुमच्या पत्रावरून तसे दिसत नाही, म्हणून त्यावर येथे अधिक लिहीत नाही.

थोडे स्वतःकडेही पाहा. रागावल्यावर तुम्ही त्याला काय म्हणता? एरवी नावाने हाक मारणाऱ्या आणि भांडण झाले की दाताखाली दाबून "अहो साहेब" म्हणणाऱ्या बायका मी पुष्कळ पाहिल्या आहेत. तसे काही तुमच्याकडूनही होत असेल तर बोलायला बसाल तेव्हा ते आधी तुम्हीच काढा, कारण तुम्ही नाही काढलेत तर तो काढेल.

गृहकर्जाचा प्रसंग मी मुद्दाम वेगळा ठेवला आहे, कारण तेथे तक्रार हाकेची नाही, पुढच्या वाक्याची आहे. 'तू नको डोके शिणवूस, मी बघतो' हे वाक्य तुमच्या खऱ्या नावाने सुरू झाले असते तरी तितकेच चुकीचे ठरले असते. 'पिल्लू'ने एवढेच केले की त्या वाक्याला साखर लावली, आणि साखर लावलेल्या गोष्टीवर रागवायचे कसे, या संभ्रमात तुम्ही गप्प बसलात. कर्ज तुम्ही दोघे मिळून घेणार असाल तर बँकेच्या करारावर सहकर्जदार म्हणून तुमचे पूर्ण नाव असेल, पानोपानी तुमची सही असेल, आणि हप्ते थकले तर बँक तुमच्याकडूनही वसुली करू शकेल. तेव्हा व्याजदर स्थिर आहे की बदलता, बदलता असेल तर दर वाढल्यावर हप्ता वाढणार की मुदत, हे विचारणे हा तुमचा अधिकार आहे. त्या विषयावर बसाल तेव्हा लाडाच्या नावाचा वाद काढूच नका. कागद मागून घ्या, वाचा, प्रश्न लिहून काढा आणि बँकेत जायच्या दिवशी बरोबर जा. तेथे खिडकीपलीकडचा कर्मचारी तुम्हाला नावानेच विचारणार आहे, आणि नवरा शेजारी बसून ते ऐकणार आहे.

राहिला पुतण्या. 'पिल्लू काकू' तो चिडवायला म्हणत नाही, काकाच्या तोंडी जे ऐकले तेच त्याने उचलले. मोठ्यांच्या हसण्याने त्याला वाटते आहे की आपण काहीतरी फार छान केले. जाऊबाईंकडे तक्रार नको, त्या मुलाला चार माणसांत दटावतील आणि वर तुमच्या नावाने एक गोष्ट तयार होईल. त्यालाच जवळ घेऊन सांगा की ते नाव काकाने ठेवले आहे, तू मला अमुक म्हण. त्या 'अमुक'चा आधी नीट विचार करा, कारण पाच वर्षांचे मूल नवीन नाव एका दुपारीत शिकते आणि मग येत्या गणपतीत सगळ्या पाहुण्यांसमोर तेच नाव घरभर ओरडत फिरते.