आधी त्याचं वाचन ऐक

प्रिय मुली,

तुझं पत्र मिळालं. तुझ्या वर्गातला तो तिसरीतला मुलगा तोंडी हिशेब किती झटकन करतो, मराठीचं पुस्तक काढलं की त्याचं पोट कसं दुखायला लागतं, पाठ अख्खा घडाघडा म्हणतो पण बोट भलत्याच ओळीवर असतं, हे सगळं तू मन लावून लिहिलंस. कोणी म्हणतं चष्मा लागला असेल, कोणी म्हणतं घरी कोणी बघत नाही, कोणी 'डिसलेक्सिया', म्हणजे वाचायला शिकण्यातली जन्मजात अडचण, म्हणून मोकळं होतं, तेही लिहिलंस. पण नवी ओळ समोर ठेवली की तो नेमकं काय वाचतो, याबद्दल चार पानांत एक अक्षर नाही. नुसतं 'अडखळतो'. अगं, कशावर अडखळतो?

शब्दांपासून सुरुवात करू की मुळाक्षरांपासून, एखादं ॲप आहे का, हे तुझे प्रश्न नंतर बघू. आधी त्याचं वाचन ऐक. पाठ्यपुस्तक बाजूला ठेव, ते त्याला पाठ आहे. त्याने कधी न पाहिलेल्या पाच-सहा ओळी मोठ्या अक्षरात लिही, त्याला शेजारी घेऊन बस आणि वाचायला सांग. त्याच ओळींची दुसरी प्रत तुझ्या हातात असू दे. तो जे म्हणेल ते त्या-त्या शब्दावर जसंच्या तसं टिपून ठेव. मध्ये दुरुस्त करू नकोस. 'हं, पुढे' एवढंच म्हण.

यातून काय हाती लागतं ते सांगते. समज, ओळ आहे 'नाव नदीत आहे' आणि शेजारी चित्र आहे. एक मूल वाचतं, 'होडी नदीत आहे'. दुसरं वाचतं, 'नवा नदीत आहे'. तिसरं 'न... ना... व... ना-व' असं करत ओळीच्या शेवटाला पोचतं, पण काय वाचलंस म्हणून विचारलं की गप्प. आपल्या नोंदवहीत तिघांपुढे एकच शेरा पडतो. पण पहिल्याने अक्षरांकडे पाहिलेलंच नाही, चित्रावरून अर्थ लावला. त्याचं चित्र झाक आणि अक्षरांवर काम कर. दुसऱ्याला अक्षरं येतात, काना घसरला. त्याला पुन्हा मुळाक्षरं गिरवायला बसवणं हा छळ आहे. तिसऱ्याची सगळी ताकद अक्षरं लावण्यातच संपते, अर्थासाठी काही उरत नाही. त्याला सोप्या ओळी पुन्हा पुन्हा वाचायला हव्यात. तिघांना तीन वेगळी औषधं, आणि कोणाला कोणतं ते ऐकल्याशिवाय कळणार कसं?

आपली लिपी सोपी, जसं बोलतो तसं लिहितो, हे ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत. मोठ्यांना सोपी आहे. ३४ व्यंजनं आणि प्रत्येकाची बाराखडी धरली तर चारशेच्या वर रूपं होतात, त्यापुढे जोडाक्षरं. 'कि' म्हणताना आधी क् येतो आणि मग इ, पण डोळ्यांना आधी वेलांटी दिसते. 'सूर्य' मधला र वरती जाऊन बसतो, 'चक्र' मधला खाली. 'ब-द-क' ही तीन अक्षरं मूल अगदी बरोबर म्हणतं, पण प्रत्येक अक्षराचा शेवटचा 'अ' लांबवत म्हणतं, त्यामुळे ओळखीचं बदक त्यातून उडून बाहेर येतच नाही. भ आणि म, घ आणि ध यांचा गोंधळ तर तुलाही दिसला असेल.

आणि ती बाराखडी! तुझा मुलगा 'क का कि की' सुरात म्हणून दाखवतो, म्हणून बाराखडी येते असं तू धरून चालली आहेस. उद्या नुसतं 'कू' लिहून विचार. बहुतेक तो मनातल्या मनात 'क' पासून सुरू करून बोटं मोजत 'कू' पर्यंत येईल. सूर पाठ आहे, खूण ओळखीची नाही. मग एकच वेलांटी घे आणि ती मी, ती, बी, पी अशी निरनिराळ्या अक्षरांना लावून वाचू दे, लगेच त्यांचे शब्द करू दे. पण हे करायचं ते त्याची वेलांटी अडते असं तू स्वतः ऐकलं असशील तर. माझ्या सांगण्यावरून नको.

एक महत्त्वाचं. तो 'पाणी' हा शब्द 'पानी' वाचेल, 'होता' ला 'व्हता' म्हणेल. तिथे पेन्सिल उचलूसुद्धा नकोस. अक्षरं लागली, अर्थ लागला आणि शब्द त्याच्या घरच्या बोलीत बाहेर आला, हे वाचनच झालं. अशा जागी बाईंनी चारदा अडवलेलं मूल पाचव्यांदा तोंड उघडत नाही, आणि मग आपण लिहितो, 'वाचत नाही'.

तू म्हणशील, चाळीस मुलांच्या वर्गात एकेकाला ऐकायला वेळ कुठून आणू. हे मला नको सांगूस. मी दोन इयत्ता एका खोलीत सांभाळल्या आहेत. सगळा वर्ग एका सुरात वाचतो तेव्हा छान वाटतं, पण त्या सुरात न वाचणारं मूल आरामात लपतं. मी सामूहिक वाचन कमी केलं आणि रोज चार-पाच मुलांना एकेकटं ऐकायला लागले. तपासणीला आलेल्या साहेबांनी 'पाठ मागे आहेत' असा शेरा मारला, पुढे बरीच वर्षं तो मला ऐकवलाही गेला. मागे होतेच पाठ. पण माझ्या वर्गातलं कोणतं मूल कुठे अडतं हे मला नाव घेऊन सांगता येत होतं, आणि मला आजही वाटतं की मी केलं ते बरोबरच केलं. सल एकाच गोष्टीचा आहे. माझ्याकडे सातवीत येणारी काही मुलं तोवर लपण्यात इतकी तरबेज झालेली असायची की त्यांना उलगडेपर्यंत वर्ष संपायचं. तुझा मुलगा अजून तिसरीत आहे. म्हणून तर जीव तोडून लिहिते आहे.

'असर' पाहणीचे लोक २००५ पासून गावोगाव घरी जाऊन हेच करतात. एका मुलासमोर अक्षरं, शब्द, परिच्छेद, गोष्ट ठेवायची आणि ऐकायचं. २०२२ साली देशभरातल्या गावांमधल्या तिसरीतल्या २०.५ टक्केच मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. २०१८ साली हाच आकडा २७.३ होता. तेव्हा कोविड नव्हता, शाळा बंद नव्हत्या. अशा वेळी एका मुलाला घाईने 'डिसलेक्सिया' चिकटवू नकोस. तो खरा असतो, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेला, ज्यात डिसलेक्सियाही येतो, जागाही आहे. शाळेत आरोग्य तपासणीचं पथक येईल तेव्हा डोळे आणि कान आवर्जून तपासून घे. नीट शिकवूनही महिनोन् महिने तीच चूक त्याच जागी राहिली, ऐकलेल्या शब्दातला आवाज सुटा करताच येत नसला, तर जिल्ह्याच्या ठिकाणी तपासणीला पाठव, अजिबात टाळू नकोस. तिथेही तुझे हे टिपलेले कागद बरोबर दे. 'अभ्यासात कच्चा' एवढ्या चिठ्ठीवर कोणता तज्ज्ञ काय सांगणार?

त्याला ऐकायची वेळ ठरव, पण दुपारची सुट्टी घेऊ नकोस, ती त्याच्या खेळण्याची आहे. वर्गासमोर उभंही करू नकोस. परिपाठाआधी तो लवकर येतो असं लिहिलंस, तीच दहा मिनिटं पुरेत. मुख्याध्यापक कुरकुरले तर त्यांना माझा नंबर दे, मी बोलते.

तुझी,
बाई