आउटरला गाडी का अडते, आणि कवच आल्यावर काय बदलेल?

तुमचा प्रश्न असा की वर्ध्याहून रोज नागपूरला येताना अजनी सोडलं की गाडी हमखास उभी राहते, दारातून वाकून पाहिलं तर पुढचा रूळ रिकामा दिसतो, मग सिग्नल का देत नाहीत? आणि 'कवच' (गाड्यांची टक्कर टाळणारी रेल्वेची यंत्रणा) बसलं किंवा मेट्रोसारखी यंत्रणा आणली तर हे थांबणं संपेल का? माझी अख्खी नोकरी सिग्नल खात्यात गेली, त्यामुळे उत्तर लांबेल. पण मुद्द्याचं आधीच सांगतो: कवचाने तुमची ती दहा मिनिटं वाचणार नाहीत. ते त्यासाठी नाहीच.

आधी 'रिकामा रूळ' यंत्राला कसा कळतो ते बघा. रुळाच्या एका तुकड्यात कमी दाबाची वीज खेळती ठेवतात आणि तुकड्याच्या दोन्ही टोकांचे सांधे इन्सुलेट करतात. त्या विजेवर एक रिले, म्हणजे विजेने चालणारा स्विच, उचललेला राहतो. गाडी तुकड्यात शिरली की वीज चाकांमधून परस्पर पलीकडच्या रुळात जाते, रिले उपाशी राहून पडतो आणि मागचा सिग्नल लाल होतो. वायर तुटली, बॅटरी बसली, तरी रिले पडणार आणि लालच होणार. सगळी सिग्नल यंत्रणा याच हिशेबाने बांधलेली असते, की बिघडली तर गाडी थांबली पाहिजे, सुटता कामा नये. पावसाळ्यात खडी भिजून चिखल झाला की वीज त्यातून झिरपते आणि गाडी नसतानाही लाल दिसतो. म्हणून आता बऱ्याच ठिकाणी अ‍ॅक्सल काउंटर बसवलेत. तो आत गेलेले आणि बाहेर पडलेले आस मोजतो. आकडा जुळला तर रूळ मोकळा. जुळला नाही तर तुमच्या-माझ्या डोळ्यांना रूळ स्वच्छ दिसत असला तरी यंत्राच्या लेखी तिथे गाडी उभी आहे, आणि रीतसर रिसेट होईपर्यंत ते आपलं म्हणणं सोडत नाही.

पण नागपूरला तुम्ही अडकता ते बहुतेक वेळा बिघाडामुळे नाही, इंटरलॉकिंगमुळे, म्हणजे सिग्नल आणि रस्ते एकमेकांशी कुलूपबंद ठेवणाऱ्या यंत्रणेमुळे. होम सिग्नल, म्हणजे स्टेशनात शिरायचा सिग्नल, देण्याआधी (लोक ज्याला आउटर म्हणतात तो बहुधा हाच असतो) तुमच्या गाडीचा पूर्ण रस्ता प्लॅटफॉर्मपर्यंत बांधला जावा लागतो. त्या रस्त्यातला प्रत्येक पॉइंट (गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारा सांधा) हव्या त्या बाजूला वळून कुलूपबंद व्हायला हवा, आणि जिथे गाडी थांबणार त्या सिग्नलच्या पुढेही साधारण 120 मीटर रूळ मोकळा हवा, ब्रेक थोडा उशिरा लागला तर म्हणून. पॉइंट नीट बसला की नाही याची परीक्षा पाहण्यासारखी असते. सरकत्या रुळाच्या टोकाशी 5 मिलिमीटर जाडीची पट्टी अडकवायची आणि मोटर चालवायची. एवढ्याशा फटीलाही पॉइंटने लॉक होता कामा नये. झाला, तर तो पॉइंट नापास. एक खडा अडकला तरी सिग्नल मिळत नाही तो यामुळे.

आणि जोवर तुमच्या रस्त्याला छेदणारा दुसरा रस्ता कुणासाठी बांधलेला आहे, तोवर मास्तरने कितीही बटणं दाबली तरी तुमचा सिग्नल मिळणार नाही. दिलेला रस्ता मधेच मागे घ्यायचा म्हटलं तर तोही लगेच सुटत नाही. सिग्नल लाल करून 120 सेकंद थांबावं लागतं, कारण येणाऱ्या ड्रायव्हरने हिरवा आधीच पाहिलेला असू शकतो. म्हणून मास्तर सहसा ठरवलेलं बदलत नाही. 'त्या गाडीला सोडलं, आपल्याला काहून नाही?' याचं उत्तर बरेचदा एवढंच असतं.

आता नकाशा डोळ्यापुढे आणा. मुंबई-हावडा आणि दिल्ली-चेन्नई हे दोन्ही मोठे मार्ग सेवाग्राम ते नागपूर एकाच वाटेने येतात आणि नागपूरच्या उत्तरेला फुटतात, एक इटारसीकडे, दुसरा इतवारीवरून गोंदियाकडे. डावीकडून चालायचं आणि पूर्वेला वळायचं, म्हणजे हावड्याकडे निघालेल्या गाडीला दिल्लीकडून येणाऱ्या गाडीची वाट कापावीच लागते. एक जाईल तेव्हा दुसरी थांबेल. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या डायमंड क्रॉसिंगच्या (दोन वाटा एकमेकींना छेदतात त्या जागेच्या) व्हिडिओखाली 'चारही बाजूंनी गाड्या एकदम जातात' असं लिहितात, ते सोडून द्या. त्यात भर म्हणजे प्लॅटफॉर्म आठ, आणि चंद्रपूर पट्ट्यातल्या कोळशाच्या मालगाड्या. भरलेली मालगाडी पाच हजार टनांच्या आसपास जाते. एकदा उभी केली की पुन्हा वेग घ्यायला तिला किती वेळ लागतो ते तुम्ही पाहिलंच असेल. कोणती गाडी आधी सोडायची हे ठरवणारा कंट्रोलर तिला धावती ठेवायला बघतो आणि मग तुमची पॅसेंजर बाजूला पडते. प्रवासी म्हणून मलाही राग येतो, पण मी त्या खुर्चीवर असतो तर तेच केलं असतं.

कवच हे या सगळ्याच्या वर बसतं. रुळाखालच्या स्लीपरवर आरएफआयडी टॅग (रेडिओने वाचता येणाऱ्या खुणा) असतात, त्यावरून इंजिनाला आपण नेमके कुठे आहोत ते कळतं. स्टेशनवरून रेडिओने पुढच्या सिग्नलची स्थिती थेट कॅबमध्ये येते. लोको पायलटने लालकडे जाताना वेग कमी केला नाही तर यंत्र स्वतः ब्रेक लावतं. देशाची अधिकृत यंत्रणा म्हणून ते 2020 साली स्वीकारलं गेलं आणि 4.0 आवृत्तीला आरडीएसओने (रेल्वेच्या संशोधन आणि मानक संस्थेने) जुलै 2024 मध्ये मान्यता दिली. धुक्यात याचा मोठा आधार आहे, कारण पिवळा दिवा शोधत डोळे ताणावे लागत नाहीत. पण सिग्नल काय आहे हे कवच स्वतः ठरवत नाही, ते इंटरलॉकिंगला विचारतं. 2 जून 2023 ला बालासोरजवळ बहानगा बाजारला अपघात झाला, तेव्हा गाडीला मेन लाइनचा हिरवा मिळाला आणि पॉइंट मात्र लूपकडे, म्हणजे बाजूच्या लाइनकडे होता. चौकशीत सिग्नलच्या वायरिंगमधल्या फेरफारातली चूक निघाली. खालचं इंटरलॉकिंगच खोटं बोललं तर वरच्या यंत्राने कुणावर भरवसा ठेवायचा? त्यामुळे कुणी 'कवच आलं, आता चिंता नाही' म्हणालं की मी आधी विचारतो, दुरुस्तीनंतर सर्किटची चाचणी पूर्ण केली का?

राहिली मेट्रो. तिथल्या सीबीटीसी (रेडिओ संपर्कावर गाड्या नियंत्रित करण्याच्या) पद्धतीत मागची गाडी ठराविक सिग्नलशी बांधलेली नसते. पुढची गाडी जशी सरकेल तशी मागचीची हद्दही रेडिओवरून सरकते, म्हणून गाड्या जवळजवळ सोडता येतात. पण मेट्रोत सगळ्या गाड्या एकसारख्या, एकाच वेगाच्या, त्याच त्या स्टेशनांवर थांबणाऱ्या. सेवाग्राम-नागपूर पट्ट्यात राजधानी, मेमू आणि कोळसा एकामागे एक असतात. तिथे दोन गाड्यांतलं अंतर कमी करायला ऑटोमॅटिक सिग्नलिंग आहे, साधारण किलोमीटरला एक सिग्नल. त्याने जास्त गाड्या नागपूरच्या तोंडाशी लवकर पोचतात, इतकंच. आत घ्यायला प्लॅटफॉर्म मोकळा नसेल तर रांग तिथेच लागते. तुमची दहा मिनिटं वाचवायची असतील तर तिसरी-चौथी लाइन, जास्तीचे प्लॅटफॉर्म आणि एकमेकांना न कापणारे रस्ते लागतात, म्हणजे उड्डाणपुलावरून नेलेले रूळ. ते काम सिग्नलवाल्यांच्या हातातलं नाही, बांधकामवाल्यांचं आहे.