इंग्रजीत सर्रास वापरले जाणारे वाक्प्रचार कोणते, त्यांचे अर्थ काय आणि ते लक्षात कसे ठेवायचे?

तुम्ही लिहिलंय की शिक्षण मराठी माध्यमातून झालं, आता पुण्यात नोकरी लागलीये, मीटिंगमधे परदेशी लोक बोलतात तेव्हा शब्द सगळे कळतात पण वाक्य कळत नाही, म्हणून शंभरेक वाक्प्रचारांची यादी अर्थासकट हवीये. मी पण मराठी माध्यमाचाच, कोल्हापूर जिल्ह्यातला, आणि बारा वर्षं अमेरिकेतल्या आणि इंग्लंडमधल्या क्लायंटबरोबर काम करतोय, त्यामुळे तुमची अडचण मला चांगली माहितीये. यादी मी सुद्धा पाठ केली होती, वही केली होती त्यासाठी, आणि महिन्याभरात त्यातलं निम्मं डोक्यातून गेलं.

आपलंच बघा ना. "त्यानं समोरच्याला अस्मान दाखवलं" हे तुम्हाला कुणी शिकवलं का? आमच्या गावात तालीम होती, संध्याकाळी कुस्त्या बघायला जायचो, पैलवानाची पाठ मातीला लागली की त्याच्या डोळ्यासमोर नुसतं आभाळ राहतं. ज्यानं कुस्ती बघितलीये त्याला अर्थ सांगावा लागत नाही, आणि ज्यानं नाही बघितली त्याला आयुष्यभर पाठ करावं लागतं. इंग्रजीचं पण तसंच आहे, शब्द कुठल्या मैदानातून आलाय ते एकदा कळलं की तो परत विसरत नाही.

अमेरिकन लोकांचं मैदान बहुतेक वेळा बेसबॉलचं असतं. आपण तो खेळ बघत नाही म्हणून घोळ होतो. एका दिवशी अर्धा तास काढून खेळ कसा चालतो एवढं बघून घ्या, खरंच खूप फायदा होतो. बॅट्समन उभा राहतो ती होम प्लेट, मग नव्वद नव्वद फुटांवर तीन बेस, आणि रन पूर्ण करायला पळत पळत प्रत्येक बेसला स्पर्श करत परत घरी यायचं. आता "लेट्स टच बेस ऑन मंडे" म्हणजे सोमवारी थोडं बोलून घेऊ, ख्यालीखुशाली आणि काम कुठवर आलं तेवढंच, मोठी मीटिंग नाही. "स्टेप अप टू द प्लेट" म्हणजे बॅट घेऊन पुढे ये, जबाबदारी घे. "कर्व्हबॉल" म्हणजे बॉलरनं अशी फिरक दिलेला बॉल की तो हवेतच वळतो आणि खाली जातो (बेसबॉलमधे टप्पा पडत नाही, हे लक्षात ठेवा), म्हणून क्लायंटनं ऐनवेळी भलतंच काही मागितलं की म्हणतात त्यानं कर्व्हबॉल टाकला.

"बॉलपार्क फिगर" वर मात्र जरा थांबतो कारण यात माणसं अडकतात. बॉलपार्क म्हणजे बेसबॉलचं स्टेडियम, आणि बॉलपार्क फिगर म्हणजे ढोबळ अंदाज, आकडा नेमका नसला तरी चालेल पण मैदानाच्या आत पाहिजे. कॉलवर तुम्हाला गोड बोलून विचारतात, जस्ट अ बॉलपार्क, आणि तुम्ही म्हणता तीन आठवडे, आणि पुढच्या मेलमधे तेच तीन आठवडे तारीख म्हणून छापून येतात. त्यामुळे तोंडी आकडा दिला की त्याच दिवशी मेल टाकायचा की हा अंदाज आहे आणि नक्की आकडा अमुक दिवशी देतो.

"रेन चेक" पण तिथलाच. पावसानं मॅच रद्द झाली की प्रेक्षकांना दुसऱ्या मॅचला चालेल असं तिकीट द्यायचे, १८८० च्या दशकापासूनचा शब्द आहे. आता तुम्ही कुणाला जेवायला बोलावलं आणि तो म्हणाला "कॅन आय टेक अ रेन चेक" तर पावसाचा काही संबंध नाही, तो म्हणतोय आज जमणार नाही, पुन्हा कधीतरी नक्की. हा नकार आहे पण प्रेमाचा, वाईट वाटून घ्यायचं नाही.

इंग्लंडच्या लोकांचं मैदान आपलंच, क्रिकेटचं, म्हणून आपल्याला वाटतं की इथे सगळं कळेल, आणि बरंचसं कळतं पण. "स्टिकी विकेट" म्हणजे अवघड परिस्थिती, पूर्वी पीच झाकून ठेवत नसत, पाऊस पडून वर ऊन आलं की माती चिकट व्हायची आणि बॉल कधी थांबून यायचा तर कधी अचानक उसळायचा, बॅट्समनचं काही चालायचं नाही. "ऑफ हिज ओन बॅट" म्हणजे कुणी न सांगता आपणहून केलेलं काम. पण "नॉक्ड फॉर सिक्स" ला फसू नका. आपल्याला सिक्स म्हणजे आनंदच, त्यामुळे मला कितीतरी दिवस वाटायचं की कुणाची तरी कमाल झाली, पण या वाक्यात माणूस बॅट्समनच्या जागी नसतो तर बॉलच्या जागी असतो. "द न्यूज नॉक्ड हिम फॉर सिक्स" म्हणजे ती बातमी ऐकून तो पार कोलमडला. अशा वेळी तुम्ही अभिनंदन केलंत तर केवढं लागेल त्याला.

"गुड इनिंग्ज" हा मला सगळ्यात जवळचा. माझे आजोबा गेले तेव्हा एक्क्याण्णव वर्षांचे होते. मी चार दिवस रजा टाकली, आणि लीड्सचा एक सहकारी, आमचं रोजचं बोलणं फक्त कामाचं, त्याचा मेल आला, दोन ओळी, त्यात होतं की ही हॅड अ गुड इनिंग्ज. आईनं विचारलं काय लिहिलंय रे, मी सांगितलं, आजोबांची इनिंग चांगली झाली म्हणतोय. आई क्षणभर थांबली आणि म्हणाली, "सोनं झालं म्हणतोय तो." मी एवढी वर्षं इंग्रजी वाचतोय पण इतका नेमका अर्थ मला सांगता आला नसता. फक्त हे खूप पिकल्या वयात गेलेल्या माणसाबद्दलच बोलायचं, तरुण माणूस गेला असेल तर चुकून सुद्धा नाही.

आता एक शब्द असा की त्यानं आमचा अख्खा शनिवार-रविवार गेला. "लेट्स टेबल इट." अमेरिकेत याचा अर्थ विषय बाजूला ठेवू, नंतर बघू. इंग्लंडमधे बरोब्बर उलटा, विषय चर्चेला घेऊ. आमची टीम तेव्हा पाच वर्षं अमेरिकन क्लायंटसोबत होती, नवीन क्लायंट ब्रिटिश, त्यांनी शुक्रवारच्या कॉलवर सांगितलं की डेटा मायग्रेशनचा मुद्दा सोमवारी टेबल करू, आणि आम्ही निवांत, म्हणलं पुढे ढकललं. नशीब की संध्याकाळी आमच्यातल्या एका मुलीनं अजेंडा उघडून बघितला, तर तोच मुद्दा पहिल्या नंबरवर! मग दोन दिवस सगळे बसलो. नंतर वाचलं की दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आणि अमेरिकन अधिकाऱ्यांचं याच शब्दावरून बैठकीत जोरदार वाजलं होतं, दोघांना म्हणायचं एकच होतं, चर्चिलनं स्वतः आठवणीत लिहून ठेवलंय. त्यामुळे हा शब्द ऐकला की बोलणारा कुठला आहे ते आधी बघायचं.

"वन्स इन अ ब्ल्यू मून" यादीत असतोच, अर्थ सठीसामाशी, क्वचित कधीतरी. याच्यात मला एक गोष्ट सापडली ती सांगतो. हल्ली ब्ल्यू मून म्हणजे इंग्रजी महिन्यातली दुसरी पौर्णिमा असं धरतात (वाक्प्रचार त्याहून जुना आहे, ही व्याख्या १९४६ साली अमेरिकेतल्या खगोलशास्त्राच्या एका मासिकातल्या चुकीमुळे पसरली). असं अडीच-पावणेतीन वर्षांनी घडतं, कारण चंद्राचे बारा महिने वर्षापेक्षा अकराएक दिवसांनी कमी पडतात आणि साठत साठत तेरावी पौर्णिमा येते. आपल्याकडे ह्याच हिशोबातून अधिक महिना येतो. २०२३ ला अधिक श्रावण होता आठवतो का, त्याच ऑगस्टमधे सुरुवातीला एक आणि शेवटी एक अशा दोन पौर्णिमा होत्या. म्हणजे इंग्रजांचा ब्ल्यू मून आणि आपला "दुष्काळात तेरावा महिना" एकाच गणितातून आलेत, त्यांना त्यात दुर्मिळपणा दिसला आणि आपल्या शेतकऱ्याला दिसलं की धान्य संपलंय आणि अजून एक महिना काढायचाय.

बाकीचे पटकन सांगतो, यांना आपल्याकडे जोड्या आहेत म्हणून सोपे जातात. पीस ऑफ केक म्हणजे हातचा मळ, बीट अराउंड द बुश म्हणजे मुद्द्याचं सोडून फाटे फोडत बसणं, स्पिल द बीन्स म्हणजे गुपित फोडणं, अंडर द वेदर म्हणजे अंगात कसर असणं, कॉस्ट्स ॲन आर्म अँड अ लेग म्हणजे भयंकर महाग, आय ॲम ऑल इअर्स म्हणजे कान टवकारून ऐकतोय, बोला. ब्रेक अ लेग हे नाटकवाले एकमेकांना स्टेजवर जाताना म्हणतात, अर्थ शुभेच्छा. किक द बकेट म्हणजे मरणं, पण तो आपल्या "खपला" सारखा आहे, कुणाच्या दुःखात वापरायचा नाही, यादीत हे कुणी सांगत नाही आणि नेमकं हेच सांगायला पाहिजे.

आणि "रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज" ची गोष्ट तुम्हाला कुणीतरी व्हॉट्सॲपवर पाठवेलच, की जुन्या काळी कुत्री-मांजरं गवताच्या छपरात झोपायची आणि पावसात घसरून पडायची. ती खोटी आहे, हा वाक्प्रचार कुठून आला त्याचा पुरावा कुणालाच मिळालेला नाही. शाळेत आपल्याला हाच पहिला शिकवतात, पण बारा वर्षांत कॉलवर मी तो दोनदा सुद्धा ऐकला नसेल, लोक सरळ "पोअरिंग" म्हणतात.

तुम्ही सुरुवातीला बोलताना वापरायचा अजिबात प्रयत्न करू नका, आधी फक्त ऐका आणि वहीत वाक्य अख्खं लिहा, कोण कुणाला कधी म्हणालं त्यासकट. आणि कॉलवर एखादा नाही कळला तर तिथल्या तिथे विचारा, "सॉरी, व्हॉट डू यू वॉन्ट अस टू डू बाय मंडे?" आमच्याकडे आता नवीन आलेल्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी हे एकच वाक्य लिहून देतो.