टॅबला मिक्सर सापडत नाही, तेव्हा

प्रश्न : आमच्याकडे साउंडचा डिजिटल मिक्सर असून तो टॅबवरून चालवतो. सप्ताहात लाईट गेली, जनरेटर सुरू झाला की टॅबचा संपर्क तुटतो. पुन्हा जोडायला बराच वेळ जातो. काय करावे? – एक साउंडवाले, परभणी

उत्तर : मिक्सर बहुधा राउटरकडून आपोआप पत्ता (आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा त्याचा क्रमांक) घेतोय. लाईट गेल्यावर मिक्सर आधी आणि राउटर नंतर सुरू झाला, की मिक्सरला पत्ता मिळत नाही. तो स्वतःच १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता घेतो. टॅब मात्र १९२.१६८ मध्ये, मग भेट कशी होणार?

मिक्सरच्या नेटवर्क सेटिंगमध्ये पत्ता कायमचा द्या : १९२.१६८.१.१०, सबनेट मास्क २५५.२५५.२५५.०. राउटरचा पत्ता १९२.१६८.१.१ ठेवा. राउटरची डीएचसीपी यादी, म्हणजे तो आपोआप वाटतो त्या पत्त्यांचा शेवटचा आकडा, १०० ते १५० एवढीच करा. हे महत्त्वाचे आहे, कारण १० हा आकडा त्या यादीत राहिला तर राउटर तोच पत्ता एखाद्या मोबाइललाही देऊन बसतो आणि ऐन कीर्तनात टॅबवरून फेडर (आवाज कमी-जास्त करायच्या पट्ट्या) हलेनासे होतात. राउटर १९२.१६८.०.१ वर असेल तर मिक्सरही १९२.१६८.०.१० वर घ्या. तिसरा आकडा जुळलाच पाहिजे.

टॅबवर मोबाइल डेटा बंद ठेवा. वायफायला इंटरनेट नाही हे पाहून टॅब स्वतःच तिकडे वळतो. वायफायचा पासवर्ड मंडपात कुणालाही देऊ नका. राउटरला छोटा यूपीएस लावाच. मिक्सरलाही लावता आला तर उत्तम.

पुढे दांते (नेटवर्कवरून आवाज नेण्याची पद्धत) असलेला स्टेजबॉक्स, म्हणजे स्टेजवर माइक जोडायचा डबा, घेतलात, तर त्याचा आवाज केबलनेच न्या, वायफायवरून नाही. नेटवर्क स्विचमधली वीजबचतीची ईईई सोय बंद करा, नाहीतर आवाज तुटतो.