तलाव मोजणाऱ्या सॉफ्टवेअरला 'वाकाटक' नाव द्यावं का?

तुम्ही विचारलंय की भंडारा-गोंदियाच्या मामा (माजी मालगुजारी) तलावांत किती पाणी साठलं, हे उपग्रहाच्या चित्रांवरून काढणारं सॉफ्टवेअर कॉलेजात बनवलंय. नाव आणि लोगो विदर्भाच्या इतिहासातून हवा, तर 'वाकाटक' कसं?

भारदस्त आहे, पण सभागृहाला शोभेल असं. मोह का होतो तेही कळतं. रामटेकजवळचं नगरधन म्हणजे वाकाटक राजांची राजधानी नंदिवर्धन, आणि ताम्रपटांवरची ती पेटिकाशीर्षक अक्षरं, प्रत्येकाच्या डोक्यावर चिमुकली चौकट. पिक्सेलशी छान जुळतं! माझा साकोलीकडे छपाईचा धंदा आहे, म्हणून सांगतो: रबरी शिक्क्याएवढं केलं की चौकटी शाईनं भरतात आणि डाग उरतो. मोबाइलच्या आयकॉनचंही तेच.

लोगोला बुलढाण्यातल्या भेंडवळची घटमांडणी तर नकोच. अक्षय तृतीयेला घट मांडून दुसऱ्या सकाळी पाऊसपाण्याचं भाकीत सांगतात, लोकांची त्यावर श्रद्धा आहे. तुमचं सॉफ्टवेअर मोजतं. ते चिन्ह लावलंत तर जन्मभर खुलासे करत बसाल.

कोड लिहायची ज्युपिटर (Jupyter) नोटबुक वापरता ना? त्या नावात ज्युलिया, पायथन आणि आर या प्रोग्रॅमिंगच्या तिन्ही भाषा आहेत. शिवाय गॅलिलिओनं १६१० मध्ये गुरूच्या चंद्रांच्या नोंदी ठेवल्या, त्या वहीची आठवण आहे. लोगोतले ठिपके म्हणजे ते चंद्र. वहीच्या सॉफ्टवेअरला वहीचाच इतिहास, म्हणून ते पटतं.

तुमचं नाव तलावातच पडलंय. कोहळी समाजानं बांधलेल्या या तलावांना पाळ असते, शेताला पाणी सोडायला तुडूम, जादा पाणी जायला सलंग. 'तुडूम' कानाला झकास, पण रोमन लिपीत शोधून पाहा, सगळं नेटफ्लिक्सच येतं. मी 'सलंग' घेईन. सलंगावरून पाणी पडायला लागलं की तलाव भरला, आणि तुम्ही तेच तर मोजताय. याच नावाची अफगाणिस्तानात एक खिंड आहे, तिचा काही त्रास नाही.

लोगोला पाळीची एक जाड वळलेली रेघ, टोकाशी थोडी खाली दबलेली, तिथून सांडणारं पाणी. एकाच रंगात. गुगलवरची कमळं-बगळे टाकू नका. कागदावर काढून आधी तलावाखालच्या एखाद्या जुन्या कास्तकाराला दाखवा. "हे सलंग नाही बापा, हा पाट झाला," म्हणाला तर पुन्हा काढा. आणि नाव पक्कं करण्याआधी त्याच स्पेलिंगचं पॅकेज पायपीआयवर (पायथनची पॅकेजं ठेवतात ती साइट) आधीच कुणी टाकलंय का, तेवढं पाहून घ्या.