यंत्राने ब्रेक मारला, भरपाई कोण देणार?

वाचकांचे प्रश्न, कायद्याची उत्तरे

चालकाला मदत करणाऱ्या गाड्या, ड्रोन आणि आपोआप चालणारी फाटके यांनी झालेल्या दुखापतींविषयी आलेल्या पत्रांपैकी पाच या अंकात घेतली आहेत. नावे गाळली आहेत.

पूर्व द्रुतगती महामार्गावर विक्रोळीजवळ माझा भाऊ (वय २८) मोटारसायकलवर होता. पुढे काही आडवे नसताना समोरच्या मोटारीने करकचून ब्रेक मारला. भाऊ मागून आदळला, गुडघा मोडला. चालक म्हणतो, "मी पाय लावलाच नाही, गाडीने आपणहून ब्रेक मारला." पोलीस म्हणतात, मागून धडकणाऱ्याचीच चूक. दावा कोणावर करायचा? – वाचक, ठाणे

चालक, मालक आणि त्या गाडीची विमा कंपनी, या तिघांवर. गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या मागे सध्या लागू नका. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या मोटारींतली ‘एडास’ (चालकाला मदत करणारी) यंत्रणा फार तर दुसऱ्या पातळीची असते. गाडी ब्रेक मारते, लेन धरते, पण रस्त्यावर लक्ष ठेवणे चालकाचेच काम राहते. मोटार वाहन कायदाही चालक आणि मालक यांनाच ओळखतो. तेव्हा ‘गाडीने मारला’ हे भांडण चालक आणि कंपनी यांचे आहे. तुमच्या भावाने त्यात अडकू नये.

पोलिसांचे म्हणणे अर्धेच खरे आहे. सुरक्षित अंतर राखणे मागच्याचे कर्तव्य आहे, पण विनाकारण अचानक थांबणे हाही निष्काळजीपणाच. कोइमतूरच्या एका अपघातात पुढची मोटार महामार्गावर इशारा न देता थांबली, मागचा दुचाकीस्वार आदळून पडला आणि बसखाली त्याचा पाय गेला. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोटारचालकावर ५०, बसचालकावर ३० आणि दुचाकीस्वारावर २० टक्के दोष ठेवला. तुमच्या वकिलाने हाच निकाल पुढे करावा.

खरी घाई पुराव्याची आहे. विनाकारण ब्रेक लागण्यामागे बहुधा रडारवर लोखंडी कमानीचा किंवा मेट्रोच्या गर्डरचा परावर्तित संकेत, पुलाची गडद सावली किंवा बाजूने घुसणारी रिक्षा असते. ज्या गाड्यांत अपघाताची नोंद ठेवणारे यंत्र असते, त्यात धडकेआधीच्या साधारण ५ सेकंदांचा वेग, ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर उमटतो. एअरबॅग उघडली तर ही नोंद कुलूपबंद होते. मागून दुचाकी धडकल्यावर एअरबॅग सहसा उघडत नाही, आणि मग पुढच्या एखाद्या धक्क्याने जुनी नोंद पुसली जाऊ शकते. डॅशकॅमही जुन्या चित्रणावर नवे चढवत जातो. मोटार वाहन निरीक्षक मुख्यतः ब्रेक, स्टिअरिंग, टायर तपासतो. एडासची नोंद कोणी आपणहून काढत नाही.

म्हणून आजच तपास अधिकाऱ्याला लेखी अर्ज द्या: गाडी मालकाकडे परत जाण्याआधी अपघाताची नोंद, एडासची नोंद, सॉफ्टवेअरची आवृत्ती आणि डॅशकॅमचे कार्ड ताब्यात घ्यावे. पोच घ्या. हीच मागणी चेसिस क्रमांकासह मालक, विमा कंपनी आणि उत्पादक यांना स्पीड पोस्टने आणि ई-मेलने पाठवा. जवळचे पेट्रोल पंप आणि दुकाने यांचे सीसीटीव्ही चित्रणही लगेच मागा, ते थोड्याच दिवसांत पुसले जाते. कोणतेही चित्रण न्यायालयात द्यायचे तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) चे प्रमाणपत्र लागते. त्यात फाइलचे हॅश मूल्य (फाइलमधून गणिताने काढलेली तिची ओळखखूण) लिहावे लागते, म्हणून मूळ फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवू नका. व्हॉट्सअ‍ॅप चित्रण दाबून लहान करते आणि मूल्य बदलते.

दावा मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली, मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात. तुम्ही ठाण्यात राहता, अपघात मुंबईत झाला. दोन्हीकडे करता येतो. मुदत अपघातापासून ६ महिने. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेले आहे, पण त्या भरवशावर थांबू नका.

रकमेचा अंदाज असा बांधा. पगार महिना २०,००० रुपये, नोकरी कायम नाही असे धरू. भावी वाढीचे ४० टक्के धरून २८,०००, म्हणजे वर्षाला ३,३६,०००. वय २८ ला गुणक (वर्षाच्या रकमेला गुणायचा, वयानुसार ठरलेला आकडा) १७. गुडघ्यामुळे कमाईची क्षमता २० टक्के घटली असे ठरले, तर ११,४२,४०० रुपये. त्यातून भावाचा २० टक्के दोष वजा केला, तर ९,१३,९२०. उपचार, वेदना, बुडालेला पगार वेगळे, आणि त्यांतूनही दोषाचा वाटा वजा होतो. येथे खटके उडतात ते अपंगत्वाच्या टक्केवारीवरून. डॉक्टर पायाची टक्केवारी लिहितात, न्यायाधिकरण मात्र कामावर किती परिणाम झाला ते पाहते. भाऊ डिलिव्हरी करत असेल तर त्याला दिवसात किती जिने चढावे लागतात हे सांगणारा साक्षीदार उभा करा.

एक सापळा सांगून ठेवतो. दोष सिद्ध न करता कलम १६४ खाली गंभीर दुखापतीला २.५ लाख आणि मृत्यूला ५ लाख मिळतात. विमा कंपनीच्या अधिकाऱ्याकडून कलम १४९ च्या पद्धतीने ही रक्कम स्वीकारली, की कलम १६६ चा दावा संपतो. वरचा हिशेब शेजारी ठेवूनच सही करा.

माझी एडास असलेली मोटार पावसात समोरच्या टेम्पोवर आदळली. यंत्रणेने ब्रेक लावलाच नाही. माझा हात मोडला. कंपनी मॅन्युअलमधले एक वाक्य दाखवते. कंपनीवर काही होऊ शकते का? – वाचक, पुणे

होऊ शकते, पण तुम्ही लक्ष देऊन गाडी चालवत होता हे आधी दाखवावे लागेल. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ८४ नुसार उत्पादनातला दोष, रचनेतला दोष, दिलेल्या हमीशी विसंगती किंवा अपुरी सूचना यांपैकी काहीही सिद्ध झाले तर उत्पादक जबाबदार ठरतो. ‘मुसळधार पावसात यंत्रणा काम करणार नाही’ असे मॅन्युअलच्या मध्यावर लिहिलेले असेल आणि जाहिरातीत किंवा शोरूममध्ये नेमके उलटे सांगितले असेल, तर तीच तुमची बाजू. जाहिरातीची प्रत, विक्रेत्याचे संदेश, बुकिंगच्या वेळचे माहितीपत्रक जपा.

कंपनीचा बचाव कलम ८७ मधून येईल: गाडीत बदल केला होता. कॅमेरा पुढच्या काचेमागे असतो. काच बाहेरच्या गॅरेजमध्ये बदलून कॅमेरा पुन्हा जुळवून घेतला नसेल, तर दावा कमजोर होतो. रडार बंपरमागे किंवा पुढच्या चिन्हामागे असते; त्यासमोर क्रॅश गार्ड बसवला, किंवा दसऱ्याचा जाड झेंडूचा हार आठवडाभर तसाच राहिला, तर कंपनी नेमके तेच दाखवेल. अपघातानंतर गाडी दुरुस्तीला देण्याआधी सर्व बाजूंनी फोटो काढा आणि ‘कोणतेही सॉफ्टवेअर अद्ययावत करू नये, त्रुटींचे कोड पुसू नयेत’ असे जॉबकार्डवर लिहून घ्या. वर्कशॉपमध्ये कोड पुसणे हे रोजचे काम आहे, तेथे कोणी मुद्दाम लपवत असेल असे नाही, पण पुरावा जातो तो जातोच.

मुदत २ वर्षे. गाडीसाठी मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, आणि तक्रार तुमच्या राहत्या जिल्ह्यात करता येते. आयोग प्रयोगशाळेच्या तपासणीचा आदेश देऊ शकतो, तो अर्जातच मागा. एक मर्यादा आहे: कायद्याच्या या प्रकरणात ‘हानी’ म्हणजे तुमची दुखापत किंवा इतर मालमत्तेचे नुकसान; खुद्द गाडीचे नुकसान त्यात धरत नाहीत.

मुलगी सॅन फ्रान्सिस्कोत शिकते. झेब्रा क्रॉसिंगवर चालकविरहित टॅक्सीचा धक्का लागून तिचा घोटा मोडला. कंपनीचा माणूस उपचाराचा खर्च देतो म्हणतो आणि एका कागदावर सही मागतो. – वाचक, नाशिक

सही करू नये. तो कागद बहुधा सर्व दावे सोडून दिल्याचा असतो, आणि घोट्याचा खरा खर्च काही महिन्यांनी कळतो.

तेथे चित्र वेगळे आहे. गाडीत चालकच नसल्याने बोट सरळ कंपनीकडे जाते. कॅलिफोर्नियात अशा कंपनीला ५० लाख डॉलरचे विमा-संरक्षण किंवा तितकी हमी ठेवावी लागते, तेव्हा ‘पैसे नाहीत’ हा अडसर नाही. दाव्याची मुदत २ वर्षे. सिग्नल किंवा रस्ता यांतही दोष असेल आणि शहर प्रशासनावर दावा करायचा असेल, तर मात्र त्या यंत्रणेकडे ६ महिन्यांत अर्ज द्यावा लागतो. येथेच लोक चुकतात. मुलीचा काही दोष निघाला तरी दावा बुडत नाही, तेवढी टक्केवारी कापली जाते.

वकील तेथे बहुधा मिळालेल्या रकमेच्या साधारण एक तृतीयांशावर काम करतात, आधी पैसे द्यावे लागत नाहीत. पहिले काम म्हणजे सर्व कॅमेरे, रडार आणि लिडार (लेझरने अंतर मोजणारे यंत्र) यांच्या नोंदी जपण्याचे पत्र. संपूर्ण चित्रण मागा, निवडक तुकडा नव्हे. २ ऑक्टोबर २०२३ ला याच शहरात माणसाने चालवलेल्या मोटारीच्या धडकेने एक पादचारी स्त्री क्रूझ कंपनीच्या चालकविरहित टॅक्सीसमोर फेकली गेली. टॅक्सीने तिला धडक दिली, थांबली, आणि मग सुमारे २० फूट फरफटत नेले. २४ ऑक्टोबरला राज्याच्या मोटार वाहन विभागाने कंपनीचे परवाने स्थगित केले. पुढे, २०२४ मध्ये, तपासावर परिणाम व्हावा म्हणून खोटा अहवाल दिल्याची कबुली कंपनीने संघराज्याच्या सरकारी वकिलांपुढे दिली आणि ५ लाख डॉलर दंड मान्य केला. त्या अहवालात फरफटीचा उल्लेख नव्हता. चित्रण पूर्ण का हवे, ते यातून कळेल.

पोलीस अहवालाची प्रत घ्या, आणि कंपनीने मोटार वाहन विभागाकडे १० दिवसांत द्यायचा अपघात अहवालही मिळवा. विद्यापीठाच्या आरोग्य विम्याने खर्च केला असेल तर तो भरपाईतून परत मागितला जाऊ शकतो, हे तडजोडीच्या रकमेत धरा.

लग्नात छायाचित्रकाराचा ड्रोन ‘बॅटरी संपत आली’ म्हणून आपोआप परत फिरला आणि मामींच्या खांद्यावर पडला, चार टाके पडले. तो म्हणतो, यंत्राने केले. – वाचक, कोल्हापूर

जबाबदारी ड्रोन उडवणाऱ्याची. परतीची यंत्रणा ठरवलेल्या उंचीवर चढून उड्डाणाच्या जागेकडे सरळ येते. मांडवाची कनात, माळा, लोखंडी ट्रस यांचा विचार प्रत्येक ड्रोन करत नाही. स्पीकर आणि ट्रसजवळ होकायंत्रही गोंधळते. उडवण्याआधी उंची ठरवणे आणि जागा मोकळी ठेवणे त्याचेच काम होते.

पहिला प्रश्न वजनाचा विचारा. ड्रोन नियम, २०२१ मध्ये २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन ‘नॅनो’, त्याला तृतीय पक्ष विमा सक्तीचा नाही. २४९ ग्रॅमचा म्हणून विकलेला ड्रोन पंख्यांचे संरक्षक आणि मोठी बॅटरी लावली की मर्यादा ओलांडतो. वजन जास्त निघाले तर विमा, नोंदणी क्रमांक, आणि व्यावसायिक कामासाठी रिमोट पायलट प्रमाणपत्र हे सगळे लागते, आणि अपघात ४८ तासांत कळवावा लागतो. याच नियमांनुसार तृतीय पक्ष विमा आणि भरपाईला मोटार वाहन कायद्याच्या तरतुदी योग्य फेरफारांसह लागू होतात, म्हणून येथेही ६ महिन्यांच्या आत पाऊल उचला. पोलिसांत भारतीय न्याय संहितेच्या कलम १२५ खाली तक्रार द्या आणि त्यात लिहा की रिमोट आणि मोबाइलमधली उड्डाणाची नोंद जप्त करावी. अ‍ॅप काढून टाकले तर मोबाइलमधली नोंदही जाऊ शकते.

सोसायटीच्या फाटकाच्या स्वयंचलित दांड्याने स्कूटरवरच्या बाईंच्या डोक्याला लागले. ‘स्वतःच्या जबाबदारीवर’ अशी पाटी आहे. समिती सुटेल का? – सचिव, नवी मुंबई

पाटीच्या जोरावर नाही. दांडा स्कूटरवर का पडतो ते समितीने समजून घ्यायला हवे: रस्त्याखालची चुंबकीय वेटोळी मोटारीच्या लोखंडावर जुळवलेली असते, स्कूटर तिला कळतेच असे नाही. मोटारीमागून चिकटून आलेल्या दुचाकीवर दांडा येतो तो यामुळे. हा धोका बसवणाऱ्याला माहीत असतो आणि पहिल्या अपघातानंतर तुम्हालाही माहीत झाला. दुसऱ्या अपघाताला समितीकडे उत्तर उरणार नाही. दुचाकींना वेगळी वाट द्या, दांड्याखाली इन्फ्रारेड डोळा बसवा, दांड्याला रबरी कड आणि अडथळा लागताच उलट वर जाण्याची सोय करून घ्या, आणि दर महिन्याची चाचणी सहीनिशी वहीत लिहा. देखभाल कराराच्या कंपनीला या अपघाताचे पत्र आजच पाठवा, सोसायटीच्या सार्वजनिक दायित्व विम्याची पॉलिसी काढून पाहा, आणि बाईंच्या उपचाराची बिले मागवून घ्या.