वडील तंबाखू खातात, दीड महिन्यापासून आवाज बसलाय. घशाचा कॅन्सर असेल का? परभणीहून कुठं न्यावं?

आधी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून दुर्बिणीनं स्वरयंत्र बघून घ्या, आणि याच आठवड्यात. तंबाखू-बिडीवाल्या माणसाचा आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला असेल तर खडीसाखर-ज्येष्ठमधात दिवस घालवू नका. मी कान-नाक-घसा विभागात नर्स आहे, उशिरा आलेली माणसं रोज बघते. नाकातून बारीक नळी घालतात आणि ‘ई’ म्हणायला लावतात. दोन्ही स्वरतंतू हलतात का, ते तेव्हाच दिसतं. गाठ दिसली तर तुकडा काढून बायोप्सी. कॅन्सर आहे हे तिच्यावरच ठरतं, सीटी स्कॅन फक्त पसारा दाखवतो. स्वरतंतूपुरता असेल तर नुसत्या रेडिएशननं किंवा लेझरनं बहुतेक बरा होतो, आवाजही राहतो. पसरला तर केमो-रेडिएशन, नाहीतर स्वरयंत्रच काढावं लागतं.

परभणीत तपासणी होईल. पुढचं छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात. जाताना रेशनकार्ड आणि आधार न्या, महात्मा फुले योजनेत लागतं.

मात्र बसलेला आवाज म्हणजे कॅन्सरच असं नाही. ॲसिडिटी, स्वरतंतूवरची साधी गाठ, टीबी यांनीही बसतो. तपासल्याशिवाय वडिलांना घाबरवू नका.